खोल पाण्यातला लाल

शिवणवाल्या काकू बंदराच्या कचेरीतून हसत बाहेर आल्या. लाँच बुडाल्यापासून त्या खोलीतून कुणी हसत बाहेर आलं नव्हतं. काही जण भिंत धरून आले, एक जण तर जिन्यातच बसला. काकूंनी मात्र माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाल्या, "ती नाही हो. स्वेटर निळा आहे, चांगला निळाशार. माझ्या पोरीचा लाल होता."

एवढं बोलून त्या घराकडे निघाल्या. गुडघ्यांमुळे एरवी प्रत्येक पायरीला कठडा शोधणारी बाई, पण त्या दिवशी तरातरा रस्ता ओलांडून गेली. त्यांना थांबवायला हवं होतं हे मला कळत होतं. पण कुणाच्या जिवात इतक्या दिवसांनी जीव आलेला असताना त्याला मागून हाक मारायची, तर काळीज दगडाचं लागतं. माझं तोंड फाटकं आहे, काळीज तसं नाही. मी नुसती उभी राहिले.

काकूंना कचेरीत दाखवला तो फोटो माझ्या भावाने काढला होता. माझा धाकटा भाऊ पाणबुड्या आहे, घरात त्याला सगळे पाणकोंबडा म्हणतात. बोटींची बुडं घासणं, पंख्यात अडकलेले दोर कापणं, आणि कुणाला पाण्याखालचं काही पाहायचं असलं की कॅमेरा घेऊन खाली जाणं, हे त्याचं काम. तो खालून फोटो आणतो आणि मी माझ्या स्टुडिओत बसून त्यांचे रंग दुरुस्त करते. एरवी माझं पोट पासपोर्टच्या फोटोंवर आणि लग्नाच्या अल्बमांवर चालतं. लोकांना ते आरशात दिसतात त्यापेक्षा थोडे बरे दाखवायचे, यात माझा जन्म गेला.

लाँच बुडाली तेव्हा वाचले ते वाचले. बाकीचे खालच्या केबिनमध्ये राहिले. लाँच पाण्याखालच्या कड्यावर एका खडकाच्या पायरीला अडकली होती, हात लावला तर घसरेल अशी. माणसं वर काढायला बंदराच्या बड्या साहेबांनी मनाई केली. फोटो काढा, घरच्यांना दाखवा, ओळख पटवा, असा हुकूम निघाला. भाऊ उतरला. एकेका खिडकीशी जाऊन एकेक फोटो काढून आला. घरच्यांनी आपापली माणसं ओळखली. शेवटी राहिली एक खिडकी, आणि राहिल्या काकू.

त्या खिडकीच्या फोटोत चेहरा नव्हता. काचेला टेकलेला एक खांदा आणि कोपरापर्यंतची बाही, बाकीचं बाकाच्या पाठीआड. बाही स्वेटरची होती एवढं कळत होतं. टाके दिसत नव्हते. पाण्याने फुगलेली ती बाही बाईची की पुरुषाची, हेही सांगता येत नव्हतं. आणि ती निळी होती, कारण त्या फोटोत सगळंच निळं होतं.

आता हे नीट सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. कॅमेऱ्याला पांढरं म्हणजे काय ते सांगावं लागतं. आपला डोळा शहाणा असतो, बल्बच्या पिवळ्या उजेडातसुद्धा पांढरा शर्ट त्याला पांढराच दिसतो. कॅमेरा तेवढा शहाणा नाही. त्याच्यापुढे पांढरी पाटी धरायची, बटण दाबायचं आणि म्हणायचं, बाबा रे, हे पांढरं. मग उरलेले रंग तो त्या हिशेबाने लावतो. याला व्हाइट बॅलन्स म्हणतात. जमिनीवर एकदा सांगितलं की दिवस निघतो. पाण्यात मात्र जसजसं खाली जाल तसतसं नव्याने सांगावं लागतं, कारण पाणी रंग खात जातं. आधी लाल खातं, मग नारिंगी, मग पिवळा. फार खोल गेलं की लाल उरतच नाही, नुसता काळपट निळा. खाली बोट कापलं तर रक्त हिरवट दिसतं असं भाऊ सांगतो, आणि त्याची बोटं पुष्कळदा कापलेली आहेत. तिथे लाल पाहायचा असेल तर उजेड आपला आपण न्यावा लागतो.

भावाने दिवा नेला होता. कॅमेराही दिव्याच्या उजेडाला लावलेला होता. बाकीच्या खिडक्या झाल्या आणि शेवटच्या खिडकीशी दिवा विझला, आत पाणी शिरलं. टाकीतली हवाही संपत आलेली. वरून जो काही उजेड झिरपत होता त्यातच त्याने एक फोटो काढला आणि तो वर निघाला. दुसऱ्या दिवशी नवा दिवा घेऊन तो पुन्हा उतरला, तर पायरी मोकळी होती. लाँच घसरून अशा खोलीत गेली होती जिथे माझा भाऊच काय, कुणीच जाऊ शकत नाही. हातात राहिला तो एक फोटो.

आणि तोच फोटो साहेबांनी काकूंना तसाच्या तसा दाखवला. मी कचेरीत गेले आणि त्या उंटावरच्या शहाण्याला चांगलं फैलावर घेतलं. पाण्याखालच्या फोटोचा रंग असा दाखवतात का, मला का नाही बोलावलं, त्या बाईला काही समजावलं का. साहेब चहा पीत होते. म्हणाले, आम्ही काहीच बोललो नाही, त्यांनीच पाहिलं, त्यांनीच ठरवलं. वर म्हणाले, बाई समाधानाने घरी गेली, तुम्ही कशाला त्यात पडता? मी दार आपटून निघाले.

काकूंची गोष्ट आमच्या गल्लीत सगळ्यांना माहीत होती. लाँच बुडाली त्याच सकाळी त्यांची मुलगी भांडून घराबाहेर पडली होती. तिला मोठ्या शहरात काम मिळालं होतं. काकूंना ते पसंत नव्हतं. शब्दाने शब्द वाढला आणि काकू बोलून गेल्या, "जातेस तर परत तोंड दाखवू नकोस." पोरीने फोन शिलाई मशीनवर आपटला, बॅग उचलली आणि चालती झाली. अंगात काकूंनीच विणलेला लालभडक स्वेटर. पलीकडच्या काठाला जायला दोन वाटा होत्या, लाँच आणि बस. ती कशाने गेली हे कुणी पाहिलं नव्हतं. कामाचा पत्ता तिने सांगितला नव्हता, कारण सांगू लागली तेव्हा काकूंनी ऐकून घेतला नव्हता. बसने गेली असेल तर ती कुठेतरी रुसून बसली आहे. लाँचने गेली असेल तर ती त्या खिडकीत आहे. काकूंना बाकी जगच उरलं नव्हतं.

खिडकीत दुसरं कुणी असण्याचीही शक्यता होती. लाँचवर एक परका माणूस चढला होता म्हणतात. कुठला कोण, त्याची चौकशी करत कुणी आलं नाही. वाचलेल्या तिकीटवाल्याला एवढंच आठवत होतं की त्याचा स्वेटर तपकिरी होता. तपकिरी म्हणजे कसा, असं मी त्याला खोदून खोदून विचारलं. तपकिरी म्हणजे तपकिरी, याच्यापुढे त्याची गाडी जाईना.

मी काकूंच्या घरी गेले तेव्हा त्यांनी पोरीची गादी खिडकीत उन्हाला टाकली होती. तिचा फोन चार्जिंगला लावला होता. मशीनवर एक परकर अर्धा शिवलेला होता. बरेच दिवस बंद असलेलं मशीन त्यांनी त्या दुपारी पुन्हा चालवलं होतं. मला पाहून त्या पाणी आणायला उठल्या. मी म्हटलं, बसा आधी.

"काकू, तो निळा नाही."

मी समजावू लागले. पण कापड हाताळणाऱ्या बाईला हे किती समजवायचं? गिऱ्हाइकाने दुकानात दिव्याखाली कापड पसंत केलं की त्या स्वतःच म्हणायच्या, दाराशी या, उजेडात बघा, मग सांगा. माझं बोलणं अर्ध्यावर असतानाच त्यांना कळलं.

"म्हणजे लाल असू शकतो."

"असू शकतो."

"असू शकतो, का आहे?"

ते मला माहीत नव्हतं. तसं सांगितलं. त्या उठल्या, खिडकीतली गादी आत ओढली आणि तिची गुंडाळी करू लागल्या. ती नीट होईना. मी हात लावायला गेले तर त्यांनी माझा हात बाजूला केला. त्या क्षणी मला माझा इतका राग आला की सांगता येत नाही. साहेबांचं ऐकून गप्प बसले असते तर त्या बाईला एक रात्र तरी झोप लागली असती.

दुसऱ्या दिवशी त्या स्टुडिओत आल्या. मी फोटो मोठ्या पडद्यावर घेतला. पडद्यावर एक दांडी असते, ती एकीकडे सरकवली की चित्र निळं होतं, दुसरीकडे सरकवली की तांबडं. काकू माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसल्या, पर्स मांडीवर धरून. मी दांडी हळूहळू सरकवू लागले. बाही आधी जांभळट झाली, मग मातकट, मग तपकिरी. काकूंचा श्वास ऐकू येत होता. मग ती तांबूस झाली, आणखी थोडं सरकवल्यावर लाल.

"थांबा," काकू म्हणाल्या. "हाच."

त्यांनी पडद्याला बोट लावलं, खांद्यापासून कोपरापर्यंत फिरवलं. रडल्या नाहीत. फक्त म्हणाल्या की बाही मी थोडी सैल ठेवली होती, आत दुसरं काही घालता यावं म्हणून.

इथेच मी गप्प बसायला हवं होतं. पण माझी नजर खिडकीच्या चौकटीवर गेली. बाहीबरोबर चौकटही तांबडी झाली होती. त्या लाँचच्या चौकटी राखाडी होत्या, साऱ्या गावाला ठाऊक. बाकाची पाठ लाल, सगळ्या पाण्यावरसुद्धा लालसर झाक. बाही लाल होतीच असं नव्हतं, मी सगळ्या फोटोवरच लाल ओतत होते. कावीळ झालेल्याला जग पिवळं दिसतं म्हणतात, माझ्या दांडीला ते हवं त्या रंगाचं दिसत होतं. दांडी जराशी मागे घेतली असती तर तीच बाही तपकिरी होती, त्या परक्या माणसाची.

मी काकूंना ते सांगितलं. "हा लाल मी घातलाय काकू. फोटोत तो नाहीच."

"मग फोटोत काय आहे?"

"काळपट निळं."

काकू पर्स उघडबंद करत बसल्या. मग म्हणाल्या, पुन्हा एकदा निळा करा बघू. मी केला. पुन्हा लाल करा. मी केला. असं आम्ही किती वेळ करत होतो कोण जाणे. बाहेर एक जोडपं फोटोसाठी येऊन उभं होतं, मी त्यांना उद्या यायला सांगितलं.

त्या दिवसांत भावाचं खाणंपिणं सुटलं होतं. दिवा विझला यात त्याची काय चूक, असं मी त्याला परोपरीने समजावलं. तो म्हणायचा, पाटी कमरेलाच होती, दोन श्वास जास्त थांबलो असतो तर पाटी फोटोत आली असती. त्या खोलीवर पाटी धरून तरी किती फरक पडला असता हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. पण माणसाला मारायला असा एक काटा पुरतो. एके दिवशी तो दुकानात आला आणि म्हणाला, "तायडे, मी पुन्हा जातो त्या पायरीवर. लाँच नसेना का, पाणी तर तेच आहे. त्या स्वेटरची लोकर उरली असेल तर माग. ती खाली नेतो आणि तसाच फोटो काढतो, बिनदिव्याचा. लोकर जशी दिसेल तशीच बाही दिसते का ते बघू."

बोलणं बरोबर होतं. रंग सुधारत बसण्यापेक्षा खराच लाल तिथे नेऊन ठेवायचा. काकूंकडे लोकर होती, संत्र्याएवढा गुंडा. त्यांनी तो हातरुमालात बांधून आणला आणि मोठ्या आशेने माझ्या हातात दिला. कसली आशा ते त्यांनाही सांगता आलं नसतं. बाही जुळली तर पोरगी गेली, जुळली नाही तर आहे. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

मी त्या लाल लोकरीबरोबर माझ्या कपाटातली तपकिरी लोकर काढली, आणि थोडी काळी. तिघींचे पट्टे पांढऱ्या पाटीवर शेजारी शेजारी चिकटवले. काकू बघत होत्या. काळी कशाला, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, असू दे, अंगावर किती जण काळं घालतात. खरं कारण वेगळं होतं. एकटा लाल खाली गेला तर तो जुळलाच असता, आणि मला स्वतःची फसवणूक करून घ्यायची नव्हती.

भाऊ भर दुपारी उतरला, पहिल्या फोटोच्या वेळेसारखंच ऊन डोक्यावर असताना. कॅमेरा तसाच लावलेला, दिवा नाही. काकू आणि मी धक्क्यावर बसलो होतो. पाण्यावर बुडबुडे येत होते, मग ते दूर गेले, मग पुन्हा जवळ आले. त्याचं डोकं वर आलं तेव्हा काकू उठून उभ्या राहिल्या, आणि त्याने आमच्याकडे न बघता शिडी धरली. हाती काही लागलं नाही हे मला तेव्हाच कळलं.

स्टुडिओत आम्ही फोटो पडद्यावर घेतला. पाटी निळी दिसत होती, आणि तिच्यावर तीन काळपट निळे पट्टे. लाल, तपकिरी, काळा, तिन्ही एकसारखे. डोळे फोडून पाहिलं तरी फरक कळत नव्हता. भावाने उतरण्याआधी प्रत्येक पट्ट्याखाली पेन्सिलीने रंगाचं नाव लिहिलं होतं म्हणून, नाहीतर त्यालाही सांगता आलं नसतं. आणि त्या तिन्हींच्या शेजारी खिडकीतली बाही ठेवली, तर ती तिघांशीही जुळत होती.

काकूंनी विचारलं, "म्हणजे?"

भाऊ उठून बाहेर गेला आणि पायरीवर बसून लहान पोरासारखा रडला. मी सांगितलं, "म्हणजे ती असेलही, नसेलही. पाण्यातून यापेक्षा जास्त काही कळणार नाही." त्यानंतर भावाने कॅमेरा हातात धरला नाही. आता तो फक्त बोटींची बुडं घासतो.

साहेबांनी प्रकरण मिटवलं. बसवाल्यांकडे विचारून झालं, त्यांना रोज शेकडो पोरी दिसतात. मोठ्या शहरात काकूंचा भाचा होता, त्याने मुलीचा फोटो घेऊन चार ठिकाणी फिरून पाहिलं. सज्ञान मुलगी, भांडून गेलेली, यापुढे कुणाला तिच्यात रस नव्हता. काकू म्हणायच्या, ती माझ्यावर गेली आहे, हट्टाला पेटली की वर्ष वर्ष बोलायची नाही. लाँच बुडाल्याचं ऐकून तरी तिने कळवलं असतं, असं कुणी म्हटलं की त्या म्हणायच्या, मीच सांगितलं होतं ना तोंड दाखवू नकोस म्हणून.

मग काकू माझ्याकडे येऊ लागल्या. संध्याकाळी गिऱ्हाइकं संपली की यायच्या, त्याच खुर्चीत बसायच्या. कधी म्हणायच्या, "आज निळा दाखवा." मी निळा करायचे. त्या दिवशी पोरगी जिवंत असायची. कुठे राहत असेल, खोलीत कोण सोबत असेल, दात दुखत होता तो काढला असेल का, असं त्या बोलत राहायच्या. कधी म्हणायच्या, "आज लाल करा." त्या दिवशी खाली किती थंडी असेल असं विचारायच्या. लोकर पाण्यात ऊब धरते का, असं एकदा विचारलं. मी म्हटलं धरते. काय सांगणार होते?

मला वाटायचं, हे हळूहळू कमी होईल. झालं नाही. काकू सुकत चालल्या. कपड्यांवर इस्त्री ठेवून विसरायच्या, मापं चुकायची, लोक शिवायला टाकेनासे झाले. रस्त्यात लाल काही दिसलं की मागे धावायच्या. एकदा एका परक्या मुलीचा दंड धरला, तिच्या बापाने काकूंना ढकलून दिलं. मेलेल्या माणसाबरोबर जगता येतं, मी माझ्या गेलेल्या नवऱ्याबरोबर जगतेच आहे. पण मेलेलं का जिवंत, हे रोज संध्याकाळी नव्याने विचारायचं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारायचं, हे कुणाच्याही हाडामांसाला झेपणारं नाही. मला त्यांच्या येण्याचा कंटाळा येऊ लागला होता आणि त्या कंटाळ्याची लाजही वाटत होती.

एका संध्याकाळी त्या आल्या आणि खुर्चीत बसल्या. मी विचारलं, आज काय करू?

"आज तुम्हीच ठरवा," त्या म्हणाल्या. "माझ्याने आता होत नाही. जन्मभर लोकांचे रंग तुम्ही ठरवता. तुम्ही सांगाल ते मी मानीन. मग पुन्हा विचारायला येणार नाही."

मी म्हटलं, काकू, मला काय माहीत. त्या म्हणाल्या, "मला तर अजिबातच माहीत नाही." आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून बसल्या, डॉक्टरपुढे बसतात तसं.

मी नाही म्हणू शकले असते. पाणी पाजून घरी सोडून आले असते. पण मग त्या उद्या आल्या असत्या, आणि परवा. मी त्यांच्या मनगटाकडे बघितलं, नुसतं हाड राहिलं होतं. निळा करून दिला तर ही बाई दार उघडं टाकून मरेपर्यंत वाट बघणार. लाल करून दिला तर एकदाच काय ते रडेल. मी एवढाच विचार केला. मुलगी खरंच कुठे असेल याचा विचार मी त्या क्षणी केला नाही, हे मला नीट आठवतं.

मी दांडी सरकवली. चौकट पडद्यावर येऊ नये म्हणून फोटो मोठा करून फक्त बाही ठेवली. रंग अगदी त्या लोकरीच्या गुंड्याशी जुळवला, ते मला जमतं.

"तीच आहे, काकू."

"नक्की?"

"नक्की."

त्यांनी पडद्यावर हात टेकवला. मग "बरं झालं," असं म्हणाल्या आणि रडू लागल्या. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. मी त्यांना जवळ घेतलं. त्यांची वेणी सुटून माझ्या हातावर आली होती. त्या रडत होत्या आणि मध्येच माझे उपकार मानत होत्या.

दुसऱ्याच दिवशी त्यांनी पोरीची गादी बोहारणीला देऊन टाकली. फोन बंद करून पेटीत ठेवला, कपडे वाटले. काही आठवड्यांनी मशीन पुन्हा सुरू झालं. आता त्यांच्या अंगावर थोडं मांस आलं आहे. गिऱ्हाइकं परत येऊ लागली आहेत. फोटोवाल्या ताईंनी मला सोडवलं, असं त्या सगळ्यांना सांगतात. भावालासुद्धा मी खरं सांगितलेलं नाही. त्याला वाटतं, मला फोटोत काहीतरी सापडलं, आणि त्याच्याही जिवाला थोडी शांतता आहे.

मला मात्र नाही. स्टुडिओचं दार ढकलून कुणी तरुण मुलगी आत आली की मी हातातलं काम सोडते. मी आधी चेहरा बघते, ती नाही अशी खात्री झाली की मग विचारते, पासपोर्ट का स्टँप साइझ. बस थांब्यावर एखादी बॅग घेऊन उतरली की मी रस्ता बदलते. एखादी हरवलेली पोर घरी यावी असं कुणालाही वाटेल. मला वाटत नाही. ती आली तर तिच्या आईला मी काय सांगू? ती त्या थंडगार पाण्यातच असू दे, त्या खिडकीत तीच असू दे, असं मी रोज मागते, आणि तिची आई रस्त्यात भेटली की लांबूनच हात वर करून माझ्याकडे बघून हसते.